वाळ्याचे तीन ठोंब

सासुरवाडीला पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी, चहा व्हायच्या आत, मी गावाच्या नाल्याचा काठ उकरून ठेवला. माझ्या मते ही मदत होती.

त्याचं असं झालं. हातपाय धुवायला म्हणून मी नाल्याकडे गेलो. ऊन नुकतंच डोंगरावरून खाली उतरत होतं. काठावर एका ओळीत हिरवंगार गवत उभं होतं आणि शेजारी कुणाचा तरी टिकाव पडला होता. गवत ओळखलं. वाळा. पुण्यात उन्हाळ्यात मंडईतून याच्या मुळ्यांची जुडी आणून आम्ही माठात टाकतो आणि आठवडाभर "काय वास आहे" म्हणत पाणी पितो. इथे तर तो ओळीने, जणू माझीच वाट बघत उभा. वाळ्याची मुळं जमिनीत किती खोल जातात हे ज्याने खणलं नाही त्याला सांगून कळणार नाही. कचेरीत खुर्चीवरून उठताना कण्हणारा माणूस मी, पण त्या सकाळी हट्टाला पेटलो आणि तीन ठोंब मुळासकट बाहेर काढले. मुळं कापून, स्वच्छ धुऊन, सासूबाईंच्या ओसरीवरच्या रांजणात सोडून दिली. पौषातली थंडी, पाणी आधीच दातांना झोंबत होतं, वाळ्याची कुणालाच गरज नव्हती, हे लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. उलट सगळ्यांना चकित करायचं म्हणून मी कुणापाशी काही बोललो नाही.

जालन्याहून वर

मुळात मी एकटा तिथे जाणारच नव्हतो. बायकोचं, कमलचं, माहेर भोकरदन तालुक्यात, धावड्याच्याही पुढे, अजिंठ्याच्या डोंगराला पाठ टेकून बसलेलं. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, ते एस.टी.च्या पाटीवर नाही. सरकारदरबारी ते औरंगाबाद जिल्ह्यात आहे, पण लग्नाचं कापड आणि पेरणीचं बियाणं आणायला लोक जालन्याला जातात, म्हणून मी त्याला जालन्याकडचंच समजतो.

कमलचा भाऊ बबनराव धावड्याच्या शाळेत मास्तर आहे. दुष्काळ सरला त्या वर्षी त्याने गावाला एक गोष्ट पटवली. नाल्याच्या वरचा डोंगर गुरांना आणि कुऱ्हाडीला बंद करायचा, घळींमध्ये दगडाचे बांध घालायचे, नाल्याचा काठ धरून ठेवायचा, आणि हे सगळं गावानेच करायचं. दर दिवाळीला तो "दाजी, एकदा येऊन बघा" म्हणायचा आणि दर दिवाळीला मी त्याला जंगल कसं वाढवावं ते समजावून सांगायचो, जे मी आदल्याच आठवड्यात वर्तमानपत्रात वाचलेलं असायचं. या खेपेला थोरल्याच्या मॅट्रिकमुळे कमलचं जाणं रद्द झालं. ती म्हणाली, "तुम्ही जा. देशाने काय करावं ते रोज इथे बसून सांगता. तिथे जाऊन दोन दगड उचला."

जालन्याला उतरून भोकरदनची गाडी धरली. शेजारी फेटेवाले एक गृहस्थ बसले होते. कोणाकडे निघालात, म्हणून चौकशी झाली. मी गावाचं नाव घेतलं तसे ते सरसावून बसले.

"म्हंजे बंद डोंगराचे पाव्हणे."

त्यांनी मला खिडकीकडची जागा दिली. आजवर जावई म्हणून माझा बराच मान झालाय, पण डोंगरामुळे कुणी खिडकी देण्याची ही पहिलीच वेळ. मी बाहेर बघत असा बसलो, की जणू तो डोंगर मीच बंद केलाय.

"आमच्याकडं बी केल्तं तसंच," ते म्हणाले. "न्हाई टिकलं. पहिल्याच साली एका मोठ्या घरच्या म्हशी आत गेल्त्या. मोठं घर म्हणून कोणी बोललं न्हाई. मंग दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच गेल्या. आता डोंगराला केस न्हाई राह्यला."

मी मान हलवली. गावोगावचं राजकारण, असं काहीसं शहाण्यासारखं बोललोही. या गोष्टीत आपलाही नंबर लागणार आहे हे तेव्हा कळलं असतं, तर भोकरदनलाच परतीची गाडी धरली असती.

अमावस्या

आमच्या सासुरवाडीला अमावस्येला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. नांगर नाही, वखर नाही, गाडीसुद्धा जुंपायची नाही. बबनरावाने नेमका हाच दिवस धरला. बैल सुटले की माणसं जुंपायची. शेतावरच्या मजुरांना त्या दिवशी काम नसतं आणि शेतवाल्यांना सबब नसते, त्यामुळे दर अमावस्येला सारं गाव नाल्यावर. मी वाळा उकरला त्या दिवशी नेमकी अमावस्याच होती. पुण्यात आमच्या चाळीच्या जिन्यावरचा दिवा कुणी बदलायचा यावर तीन बैठका झाल्या आणि अजून आम्ही चाचपडतच चढतो. म्हणून मला त्या गर्दीचं जास्तच नवल वाटलं.

काम चाललं होतं वरच्या घळीत. दुष्काळात खडी फोडून फोडून गावाचा हात दगडाला बसला होता. तोच हात आता स्वतःच्या नाल्यावर चालत होता. बाया पाट्या भरून देत होत्या, पुरुष दगडावर दगड बसवत होते. मी एक दगड उचलला, तो ठेवला, दुसरा उचलला. कमलचा हुकूम तिथेच पुरा झाला होता. पण कुणीतरी बघत होतं म्हणून आणखी काही उचलले.

तिथेच गयाबाई पहिल्यांदा दिसली. बौद्धवाड्यातली, पन्नाशीची, काटक, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांतून नजर न काढणारी. तिच्या टोपलीत बाभळीच्या बिया होत्या. शेळ्या शेंगा खातात, बिया लेंड्यांतून पडतात, आणि त्या बिया भराभर उगवतात, म्हणून ती गोठा झाडून त्या वेचून आणते. बबनराव म्हणाला, "शेळीला डोंगर बंद आहे, दाजी, पण लेंड्यांना मान आहे."

"माणसाचं बी तसंच असतं," गयाबाई म्हणाली. "खरा कोण, ते मागं काय राह्यलं त्याच्यावरून."

ऊन चढलं तशी पाण्याची घागर आली. कामावर सगळ्यांना एकच घागर आणि एकच तांब्या, हा बबनरावाचा पहिला नियम. त्या गावात ही लहान गोष्ट नव्हती. माझे सासरे, आबा, तेवढ्यासाठी कामावर कधी पाणी पीत नसत. फेटा बांधून ते उंच दगडावर बसत, देखरेख करत, आणि तहान लागली की घरी जाऊन येत. घागर भरून येई ती मात्र त्यांच्याच ओसरीवरच्या रांजणातून.

गयाबाईने तांब्या वर धरून एक घोट घेतला आणि ती थांबली. पुन्हा एक घोट घेतला.

"पाण्याला वाळ्याचा वास कसा काय येऊन राह्यला?"

मी दगड ठेवून पुढे झालो. हाच तो क्षण. "मी टाकलाय," म्हणालो. "आवडला?"

 गयाबाईने तांब्या घागरीवर पालथा घातला आणि ती तरातरा नाल्याकडे उतरली. बबनरावाचा चेहरा असा झाला, की मला आधी वाटलं त्यालाच काहीतरी चावलं. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. बंद डोंगराचं किंवा काठाचं काही ज्याच्या जनावराने किंवा हाताने मोडलं, त्याने नाल्याच्या काठाला वाळा लावायचा आणि तो जगेपर्यंत स्वतः कावडीने पाणी घालायचं. गडी लावायचा नाही. मागच्या साली गयाबाईची शेळी डोंगरात शिरली होती. तिने ती रांग लावली आणि सारा उन्हाळा खालच्या डोहातून कावडीने पाणी वाहून जगवली. पावसाळ्यात पूर आला तेव्हा वरचा काठ तुटला, खालचा तुटला, तिच्या रांगेपाशी मातीचं ढेकूळ हललं नाही. तेव्हापासून ती शिक्षा राहिली नाही. लोक येणाऱ्याजाणाऱ्याला "गयाबाईची रांग" म्हणून दाखवायला लागले.

गयाबाई परत आली. "तीन ठोंब गेले. मधलेच. आता पूर तिथूनच आत घुसतो."

आबा दगडावरून बोलले, "पाव्हणे हैत. चुकून झालं. उद्या मी गडी लावून देतो."

"माझी शेळी बी चुकूनच गेल्ती, आबा," गयाबाई म्हणाली. "तिला कोणी पाव्हणी म्हणलं न्हाई."

मागे कुणीतरी खुसखुसलं. मग एक आवाज आला, "तसं असंल तर आमच्या म्हशी बी उद्यापासून पाव्हण्या." आणि आणखी कुणी, "बराबर हाय."

हसणं थांबलं होतं. मला गाडीतले फेटेवाले आठवले आणि केस न राहिलेला तो डोंगर आठवला. इथे वर आमच्या डोक्यावर दुसरा डोंगर उभा होता, इतक्या वर्षांनी पिवळ्या गवताने भरलेला. तो राहायचा की जायचा हे आता एका जावयावर येऊन ठेपलं होतं, आणि तो जावई मी होतो. बबनराव एकदा बापाकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. त्याला धड "पाणी घाला" म्हणता येईना की "राहू द्या" म्हणता येईना.

"कावड कुठे मिळेल?" मी विचारलं. शौर्यापेक्षा लाजेनेच विचारलं, पण विचारलं.

आबा दगडावरून उठले. "जावयाच्या खांद्यावर कावड? लोक काय म्हणतील?"

"लोक हितंच हैत," गयाबाई म्हणाली. "इचारून घ्या."

कावड

ठोंब धावड्याकडच्या ओढ्यातून आणले. फोडून, शेंडे छाटून, गयाबाईच्या देखत लावले. एक मी उलटा लावला होता, तो तिने उपसून सुलटा केला. पाणी मात्र मीच वाहायचं. डोह खाली, रांग वर, मध्ये गोट्यांची वाट. बांबूच्या दोन टोकांना दोन डबे. रिकामे असताना मी त्यांना झुलवत छान चालायचो. भरले की तेच मला झुलवायचे. पहिल्या खेपेला वर पोचेस्तोवर डब्यांच्या तळाला काय राहिलं असेल तेवढंच.

"पाणी ठोंबाला घालायचं, दाजी. वाटंला न्हाई लावलेलं काही," गयाबाई वरून म्हणाली. ती रोज यायची. स्वतःच्या शेळ्यांना पाला तोडायच्या निमित्ताने, पण बसायची रांगेजवळच.

"नव्या माणसाला थोडी सूट द्यावी."

"देऊन राह्यले की. मागल्या साली माझी पहिली खेप सांडली, तवा सारा गाव हसला. तुम्हाला मी एकलीच हसून राह्यले."

रजा वाढवायला भोकरदनहून कचेरीला तार केली. "अपरिहार्य कारण" एवढंच लिहिलं. सासुरवाडीत गवताला पाणी घालतोय, हे तारेत कसंही लिहिलं तरी वेडेपणाच दिसत होता.

सासूबाई, म्हणजे आमच्या मामी, माझ्या खांद्याला तेल लावायला द्यायच्या आणि ताटात वाढत राहायच्या. बाजरीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा, लोण्याचा गोळा. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ. त्याची आमटी पुण्यात मी मागे नावं ठेवून खाल्ली होती. कावड वाहून आल्यावर तीच आमटी ओरपताना ताटापलीकडचं काही दिसत नाही. संध्याकाळी शेतात हुरडा असे. आगटीत भाजलेलं गरम कणीस हातावर चोळून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्या तळहातांना आता नव्याने घट्टे पडले होते आणि त्यांचं मला फार कौतुक होतं. जो भेटेल त्याला दाखवत होतो. गावात सगळ्यांच्याच हातांना ते असल्यामुळे कुणी वाहवा केली नाही.

एक दिवस बबनरावाने वर नेलं. पलीकडच्या गावाचा डोंगर आणि आपला, मध्ये फक्त माथ्याची एक धार. पलीकडे खडक आणि बोडकी माती. अलीकडे कमरेएवढं पवन्या गवत, आणि गवतात सागाच्या आणि अंजनाच्या जुन्या खुंटांना फुटलेले धुमारे, काही माझ्या डोक्याच्या वर गेलेले. ही झाडं कुणी लावली नव्हती. तोडायचं आणि चरायचं थांबवलं, एवढंच. गवत विळ्याने कापून भारे घरोघर वाटून घेतात. चरायला बंदी, कापायला नाही. म्हणून गुरंही उपाशी नाहीत. एक मोर आमच्या समोरून, जराही घाई न करता, चालत गेला. बबनराव म्हणाला, "मी शाळेत असताना इथे मोर नव्हता." मग खाली गावाकडे बघत, "आबांना इथवर आणायचंय मला. ते कधी वर आले न्हाईत. म्हणतात, मी खालून बघतो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दर दिवाळीला मी याला जंगलाचं शास्त्र सांगत होतो.

निघायची वेळ

ठोंबांनी अजून जीव धरला नव्हता. टोकं पिवळी, मध्ये कुठे हिरवट. आणि माझी वाढीव रजा संपली. नियम जगेपर्यंतचा. निघायच्या आदल्या दिवशी पारावर तोच विषय निघाला.

बबनराव म्हणाला, "पुढं मी घालतो."

"तुम्ही तर घालतच असता, गुरुजी, सगळ्यांच्याच झाडाला," गयाबाई म्हणाली. "तुम्ही घातलं तर कोणाला कळणार बी न्हाई कोणाचं घातलं." मग आबांकडे न बघता, "दाजी कोणत्या घरचे पाव्हणे? त्या घराची पाळी."

पारावर सगळे पायाच्या बोटांकडे बघत होते. आबांनी फेटा सारखा केला, काठी घेतली आणि घरी गेले. रात्री जेवले नाहीत. बबनरावही जेवला नाही, आणि त्या दोघांच्या मध्ये बसून मी एकट्यानेच जेवलो, कारण मामी वाढत राहिल्या.  मी तीन ठोंब काढले होते, पण त्यांच्याबरोबर काय काय उपटलं गेलं याचा हिशेब लागत नव्हता.

सकाळी धावड्याची वाट धरली. बबनराव शाळेसाठी पुढे गेला होता. वाट नाल्याच्या पलीकडच्या अंगाने जाते. वळणावर करंजाच्या झाडाखाली मी पिशवी खांद्यावर नीट घ्यायला थांबलो आणि समोरच्या काठाकडे नजर गेली.

आबा वर चढत होते. डोक्याला लग्नातला भरजरी फेटा, अंगात तहसिलीला जाताना घालायचा काळा कोट, आणि कोटावर कावड. डबे भरलेले. पाय एकेक गोटा चाचपून टाकत होते, आणि डबे हलत नव्हते.

गयाबाई रांगेजवळच्या तिच्या दगडावर बसलेली. "जावयापरीस बराबर चालून राह्यले, आबा."

"तू मला सांगू नको."

"सांगून कुठं राह्यले. बघून राह्यले."

त्यांनी तिन्ही ठोंबांना पाणी घातलं. सावकाश, बुंध्याशी, थेंब वाया न घालवता. बौद्धवाड्यातल्या दोघीतिघी आणि काही गडी बांधाच्या कामाला आले होते, ते हातातलं काम टाकून बघत होते. दुसऱ्या खेपेला आबा वर आले तेव्हा धापा टाकत होते. कामाची घागर तिथे सावलीत ठेवली होती. ते तिच्यापाशी थांबले. तांब्या उचलला. क्षणभर तो तसाच हातात राहिला. मग त्यांनी स्वतः पाणी घेतलं, वरून ओतून प्याले, तांब्या घागरीवर पालथा ठेवला आणि कोटाच्या बाहीने मिशा पुसून पुन्हा डोहाकडे उतरायला लागले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक परत दगडांकडे वळले. मला मात्र पलीकडच्या काठावरून ओरडून सांगावंसं वाटलं की हे माझे सासरे आहेत. सगळ्यांना ते माहीत होतं, म्हणून गप्प राहिलो आणि गाडी चुकायच्या भीतीने पळत सुटलो.

घरी

पुण्यात आल्यावर मी हे सगळं कमलला सांगितलं. वाळ्याच्या उपटण्यापाशी ती कपाळाला हात लावून बसली. शेळीच्या पाव्हणेपणाला हसली. माझ्या घट्ट्यांकडे तिने नीट पाहिलंही नाही. पण आबांच्या कावडीपाशी आलो तेव्हा तिने हातातली निवडायची भाजी बाजूला ठेवली.

"कोट घालून?"

"कोट घालून."

"आणि तिथल्या घागरीतलं पाणी प्याले?"

"प्याले. स्वतः घेऊन."

"मी माहेरी होते तोवर," ती म्हणाली, "आबांनी स्वतःच्या हाताने पाणी घेतलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवताना तांब्या हाताशी असला तरी हाक मारायचे."

ती पुन्हा भाजी निवडायला लागली. होळीला बबनराव कामानिमित्त पुण्याला आला आणि ठोंब जगल्याचं सांगून गेला. डोहात अजून पाणी आहे, म्हशी खालीच आहेत. आबा एकदा काठी टेकत वरच्या धारेपर्यंत जाऊन आले, आणि मोर दिसला नाही म्हणून बबनलाच बोलले. हे सगळं ऐकून झाल्यावर, तो गेल्यावर, कमलने माझ्यासमोर चहा ठेवला.

"पुढच्या पौषात परत जा," ती म्हणाली. "बिघडवण्यासारखं तिथे अजून बरंच काही राहिलंय."